जेवणानंतर दोन चमचे

आमच्या घरी फोन बसला तो आमच्यासाठी नव्हता, बाबांच्या ड्युटीसाठी होता. बाबा मालगाडीचे ड्रायव्हर होते आणि बहुतेक कोळशाच्या गाड्या चालवायचे. हल्ली त्यांना लोको पायलट म्हणतात. तेव्हा सगळे ड्रायव्हरच म्हणत आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. मालगाडीला प्रवासी गाडीसारखी ठरलेली वेळ नसते, ती भरली की निघते, म्हणून बाबांनाही ठरलेली वेळ नव्हती. फोन वाजायचा, बाबा उचलून "हाव साहेब" एवढंच म्हणायचे, आणि घरातली बाकीची कामं जिथल्या तिथे थांबायची. आई परातीत ज्वारीचं पीठ घ्यायची. मी बाबांची लोखंडी पेटी उघडून तीत टॉर्च, झेंड्या, धुतलेला टॉवेल नीट बसवायची. भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला की बाबा बाहेर जाऊन मोटारसायकल पुसायला घेत. डब्यात भाकर, वांग्याचं भरीत, खारातली मिरची आणि कोपऱ्यात गुळाचा खडा. निघताना ते आईला "येतो वं" म्हणत. कधी येणार हे विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती, कारण ते त्यांनाही ठाऊक नसायचं.

नागपूरच्या टोकाला, हुडकेश्वरला, तेव्हा प्लॉटचे लेआउट नुसते आखलेले होते. आमच्या घरापुढे मुरमाचा रस्ता, रस्त्यापलीकडे तुरीचं शेत, आणि मध्येच कोणाचं तरी अर्धवट बांधलेलं घर. रेल्वेच्या लोकांनी सहसा इंजिनांच्या शेडजवळ राहावं, पण बाबांनी मुद्दाम इतक्या लांब प्लॉट घेतला, कारण इथं गाडीचा आवाज येत नव्हता. दिवसभर तेच ऐकतो, घरी तरी पाखरं ऐकू येऊ दे, असं ते म्हणायचे. ते मोठे शांत गृहस्थ होते. आवाज चढवलेला मी ऐकला नाही. रविवारी पांढरा शर्ट घालून आम्हाला बुद्धविहारात न्यायचे आणि पंचशील म्हणताना त्यांचा जाड, सावकाश आवाज सगळ्यांच्या आवाजाखाली घराच्या पायासारखा असायचा. त्यांना भीती वाटू शकते हे मला सोळा-सतरा वर्षांची होईपर्यंत सुचलंसुद्धा नव्हतं.

ती घटना आम्हाला बाबांनी सांगितली नाही. त्यांच्यासोबत इंजिनवर असणारे असिस्टंट, वानखेडेकाका, यांनी आईला अंगणात उभ्याउभ्या सांगितली. भर दुपारी, एका वळणापुढे, एक बाई रुळावर येऊन उभी राहिली. हातात काही नव्हतं. तिनं पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला आणि इंजिनाकडे पाहत राहिली. बाबांनी हॉर्न दिला, ब्रेक मारला, पण भरलेली कोळशाची गाडी मारल्या ब्रेकला थांबत नाही. थांबली तेव्हा ती जागा मागे कुठल्या कुठे राहिली होती. मग जे करायचं असतं ते सगळं दोघांनी केलं, जबाब दिले, आणि गाडी पुढे नेली. बाबा घरी आले, आंघोळ केली, जेवले आणि झोपले. नोकरीत प्रत्येक ड्रायव्हरच्या वाट्याला असं काहीतरी येतंच, असं वानखेडेकाका आईला म्हणाले. आईनं मला त्याबद्दल बाबांपुढे चकार शब्द काढायचा नाही म्हणून बजावलं. काही दिवस गेले आणि आम्हाला वाटलं, झालं, संपलं.

भीती नंतर आली. ती हळूच घरात शिरली, म्हणून ओळखायला वेळ लागला. फोन वाजला की बाबा पूर्वी लगेच उठायचे. आता एक घंटा जाऊ द्यायचे, दुसरी जाऊ द्यायचे आणि मग गुडघ्यावर हात रोवून उठायचे. कोणत्या मार्गावरची गाडी आहे हे ते कधी विचारत नसत, ते विचारू लागले. भाकरीचे बारीक बारीक तुकडे करून ताटात ठेवायचे आणि ताट तसंच सरकवायचे. रात्री कूस बदलल्यावर खाटेची पट्टी करकरायची, तो आवाज मला पलीकडच्या खोलीत येत राहायचा. सकाळी डोळे लाल, आणि चहाचा कप बशीवर ठेवताना बशी वाजायची. ती बशी वाजू लागली की आई रेडिओ लावायची. मला आधी वाटायचं तिला गाणी ऐकायचीत.

आईनं त्यांना रेल्वेच्या दवाखान्यात जा म्हटलं. एकदा नाही, पुष्कळदा म्हटलं. बाबांचं उत्तर ठरलेलं होतं. ड्रायव्हरचे डोळे तपासतात, कान तपासतात, आणि डोक्याचं काही आहे असं एकदा लिहून आलं की इंजिनवरून खाली उतरवतात. इतकी वर्षं झाली, मले दुसरं येते काय, असं ते म्हणायचे आणि विषय संपायचा. बाहेरच्या खासगी डॉक्टरकडे जायलाही ते तयार नव्हते. त्या वेटिंगरूममध्ये कोणीतरी ओळखीचं बसलेलं असणार, ही त्यांना खात्री होती. आज विचार करते तेव्हा वाटतं, ते चुकीचंही नव्हतं. आमच्या वस्तीत साखरेचा आजार लोक अभिमानानं सांगत, रक्तदाबाच्या गोळ्या पाहुण्यांपुढे घेत; पण मनाच्या आजाराला एकच शब्द होता, आणि तो शब्द लागला की घरच्या पोरींची लग्नं अडत.

अशात नरखेडकडून शांताआत्या आली. ही बाबांची थोरली बहीण. तिकडे एका गावच्या शाळेत तिनं उभा जन्म शिकवण्यात घालवला होता आणि आता रिटायर होऊन एकटीच राहत होती. आजी लवकर गेल्यामुळे बाबांना लहानाचं मोठं तिनंच केलं. त्यामुळे आमच्या घरात ती आली की बाबाही पाटावर सरळ बसत. माझे आजोबा पूर्वी फार पीत, आणि घरात काय व्हायचं ते आत्यानं लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. ज्या दिवशी त्यांनी नागपुरात दीक्षा घेतली त्या दिवसापासून त्यांनी दारूला हात लावला नाही. तो दिवस आत्याच्या आयुष्यातला पहिला सुखाचा दिवस. आमच्या घराण्यात त्यानंतर कोणी प्यायलं नाही, हे ती शाळेत कविता शिकवावी तसं आम्हाला शिकवायची. त्या दिवशी एसटीतून उतरून ती संत्र्यांची पिशवी घेऊन आली, ओसरीवर टेकली, आणि बाबांना पाहून म्हणाली, "यशवंता, काय झालं गा तुले? तोंड पाह्य कसं झालं तुयं."

आईनं तिला स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी आत्या महाल भागात कोण्या वैद्याकडे गेली आणि कागदात गुंडाळलेली काळपट बाटली घेऊन आली. अश्वगंधारिष्ट. आत्याचे यजमान वारले तेव्हा तिलाही असंच व्हायचं, छातीत धडधड, झोप नाही, रडूही नाही. तेव्हा याच औषधानं तिला उभं केलं होतं. जेवणानंतर दोन चमचे, तेवढंच पाणी घालून. तिनं स्वतः चमच्यानं मोजून पहिला डोस बाबांना दिला. गुळाचा, मनुकांचा, किंचित आंबूस असा वास खोलीभर पसरला. बाबांनी तोंड वाकडं करून विचारलं, हे घेतलं तर कुठे सांगावं लागते का. आत्या म्हणाली, "कायले सांगा लागते? झाडपाल्याचं आहे. मुळी उकळून ठेवली, बस."

त्या उत्तरानंच बाबांना अर्धं बरं वाटलं असावं. पण औषधानंही गुण आला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. पंधरवड्यात खाटेचा आवाज थांबला. बाबा पुन्हा जेवू लागले. एका रविवारी आईनं पाटोडीचा रस्सा केला तर त्यांनी वाटी पुढे करून परत मागितला, आणि आई वाढताना भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, कारण तिला रडू आलं होतं. त्यांनी तुरीच्या शेताकडच्या बाजूला कढीपत्त्याचं रोप लावलं. मला गणितात कमी गुण मिळाले तेव्हा ते हसले आणि म्हणाले की रेल्वेत बेरीज यंत्र करते. मी आज कोणत्याही मुळीला नावं ठेवत नाही. माझी मुलगी आता तीच अश्वगंधा कॅप्सूलमध्ये घेते, ऑफिसच्या ताणासाठी. तिच्या मैत्रिणीही घेतात. मी तिला एवढंच विचारते की तू हे घेतेस हे तुझ्या डॉक्टरला माहीत आहे का. ती वैतागते. तिला वाटतं आईचा जुन्या औषधांवर विश्वास नाही.

बाटली आधी महिनाभर पुरायची. मग ती लवकर संपू लागली. आता बाबा स्वतःच घेऊन यायचे आणि येताना दोन आणायचे. चमचा ओट्यावर कोरडाच राहू लागला. एकदा मी कॉलेजमधून आले तर ते ड्युटीवर निघाले होते, पाण्याच्या टाकीमागे उभे होते आणि बाटली सरळ तोंडाला लावली होती. मला पाहून त्यांनी रुमालानं ओठ पुसले आणि खिशातली बडीशेप तोंडात टाकली. मी म्हटलं, बाबा, जेवणानंतर घ्यायचं असते ना. ते म्हणाले, आज गाडी मोठी आहे. मला त्याचा अर्थ लागला नाही. विहारातही एक गोष्ट झाली होती, पण तिचा अर्थही मला नंतर लागला. पंचशील म्हणताना पहिल्या चार शीलांना बाबांचा आवाज नेहमीसारखा यायचा. पाचवं शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं. त्याला त्यांचे ओठ मिटलेले असायचे. मी शेजारीच बसायची, म्हणून मला कळायचं. आईला कळत होतं की नाही, ते मी तिला कधी विचारलं नाही.

एका सकाळी ते डबा घेऊन निघाले आणि ऊन चढायच्या आत परत आले. गाडी रद्द झाली, असं म्हणाले. मोटारसायकल सावलीत लावली, शर्ट न बदलता नळी घेतली आणि कढीपत्त्याच्या रोपाला पाणी घालत बसले. पाणी आळ्यातून वाहून मुरमावर गेलं तरी ते घालतच होते. डबा तसाच भरलेला. आईनं तो उघडून त्यांच्यापुढे ठेवला तर त्यांनी भूक नाही म्हटलं. त्या दिवशी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. न वाजणारा फोन इतका मोठा असतो हे मला तेव्हा समजलं. आई येता-जाता त्याच्यावरची धूळ पुसत होती. बाबा ओसरीवर बसून होते, कोणी रस्त्यानं गेलं की आत जायचे, आणि आम्ही तिघंही एकमेकांशी मीठ दे, पाणी दे याच्यापलीकडे बोलत नव्हतो.

मग वानखेडेकाका आले. बाबा आंघोळीला गेले होते, तेवढ्यात त्यांनी आईला सांगितलं. ड्युटीवर चढण्याआधी ड्रायव्हरला यंत्रात फुंकावं लागतं. ते यंत्र तेव्हा नवंच आलं होतं. बाबांनी फुंकलं आणि त्यात दारू निघाली. थोडीच, पण निघाली. परत फुंकायला लावलं, परत निघाली. त्यांना तिथूनच घरी पाठवलं आणि चौकशी लावली. सगळ्यांसमोर झालं, वहिनी, असं म्हणताना काकांनी मान खाली घातली होती. त्यांनी काय घेतलं असं साहेबांनी विचारलं तेव्हा बाबा एक शब्द बोलले नाहीत. तेच काकांना खात होतं. त्यांनी नाही म्हटलं असतं तर आम्ही सगळे त्यांच्या बाजूनं उभे राहिलो असतो, ते म्हणाले. आईनं ऐकून घेतलं, आत गेली, ओट्यावरची बाटली उचलली, तिचं झाकण काढून वास घेतला. रोज घरात असलेला तो वास तिनं जणू पहिल्यांदाच घेतला.

बातमी नरखेडला कशी पोचली मला ठाऊक नाही. रेल्वेत कामाला असलेला कोणीतरी आत्याच्या गावचा असणार. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. पिशवी नव्हती, संत्री नव्हती. चपला न काढता ती बैठकीत आली आणि बाबांसमोर उभी राहिली. ते खुर्चीवरून उठले. ती काही ओरडली नाही. अगदी हळू आवाजात तिनं विचारलं की आपल्या बापानं जे सोडलं ते तू काहून धरलं. ती एक पाऊल पुढे आली. मला वाटलं ती त्यांना मारेल, एवढ्या मोठ्या माणसाला. तेव्हा आई स्वयंपाकघरातून आली आणि तिनं ती बाटली त्या दोघांच्या मधोमध स्टुलावर ठेवली. म्हणाली, "आक्का, त्यांनी हे घेतलं होतं. दुसरं काही नाही."

आत्याला समजायला वेळ लागला. तिनं बाटली हातात घेतली, परत ठेवली, आणि खाली बसली. अरिष्ट मुरवतात तेव्हा त्यात आपोआप थोडी दारू तयार होते, हे तिला माहीतच नव्हतं असं नाही. पण औषधातल्या दारूला तिनं कधी दारू मानलं नव्हतं. ती लगेच उठून म्हणाली की मी उद्याच साहेबांकडे येते आणि सांगते की हे मी देल्लं. वैद्यालेही आणते. इतके दिवस गप्प काहून बसला तू, हे बोलला असता तर तिथंच सुटला असता. तिच्या आवाजात जीव आला होता. मीही आईकडे पाहिलं, कारण मला वाटलं की आता सगळं सुटलं. बाबा तेव्हा पहिल्यांदा बोलले.

"दारू पेलो नाही, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू, आक्का? दोन चमचे घेत होतो तवा ते औषध होतं. मग मी घोट घेऊ लागलो. इंजनवर चढायच्या आधी घेऊ लागलो. मले त्या मुळीनं बरं वाटत होतं का त्यातल्या दारूनं, हे मलेच माहीत नाही."

आत्यानं डोक्यावरचा पदर नीट केला. बाबा पुढे म्हणाले की औषध होतं असं सांगायला गेलो तर साहेब विचारतील, कशाचं औषध. मग काय सांगू? आई म्हणाली, अशक्तपणाचं म्हणून सांगा. आत्याही म्हणाली, हाव, अशक्तपणाचं म्हण. वैद्य तसंच लिहून देईल. दोघींनी मिळून ते ठरवून टाकलं. बाबांनी मान हलवली, पण ती होकारार्थी होती की नाही ते मला नीट दिसलं नाही.

चौकशीच्या दिवशी आम्ही सगळेच गेलो. आईला मला घरी एकटं ठेवायचं नव्हतं. आम्ही तिघी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. साहेबांच्या खोलीचं दार कूलरची हवा फिरावी म्हणून उघडंच होतं, त्यामुळे आतलं बरंचसं ऐकू येत होतं. आधी वानखेडेकाकांना बोलावलं, मग आत्याला. आत्या वर्गात उभी राहिल्यासारखी ताठ उभी राहिली आणि तिनं आपलं म्हणणं मांडलं. साहेब ऐकून घेणारे होते. त्यांनी बाटली पाहिली, वैद्याचा कागद पाहिला. यंत्रातला आकडाही फार मोठा नव्हता, आणि बाबांच्या सगळ्या नोकरीत त्यांच्यावर एक साधा ठपका नव्हता. साहेब म्हणाले की यशवंतराव, तुम्ही अशक्तपणासाठी हे घेत होता एवढं लिहून द्या, मी लेखी ताकीद देतो, आणि परवापासून ड्युटीवर या. आत्यानं बाहेर आमच्याकडे वळून पाहिलं. तिचा चेहरा उजळला होता. आईनं माझा हात धरला, इतका घट्ट की बांगड्या माझ्या मनगटात रुतल्या.

मग बाबांचा आवाज आला, विहारात यायचा तसाच, सावकाश.

"साहेब, औषध होतं हे खरं आहे, ते लिवा. पण ते मी काहून घेत होतो हे बी लिवा. मले इंजनवर भेव लागते. रुळावर बाई दिसते. कोणी नसते, तरी दिसते. वानखेडेले विचारा."

वानखेडेकाका आतच होते. त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी ते सांगितलं, जे आईपासूनही लपवलं होतं. यशवंतदादा आता खांबाला हॉर्न देतात, झाडाच्या सावलीला हॉर्न देतात. एकदा मोकळ्या रुळावर त्यांनी ब्रेक मारला होता. मी म्हटलं दादा कोणी नाही, तर म्हणाले, होती. साहेबांनी बाबांना विचारलं की हे मी लिहिलं तर त्याचा अर्थ काय होतो ते तुम्हाला कळतं ना.

"हाव, कळते," बाबा म्हणाले. "पण मी आज नसलेल्या बाईसाठी ब्रेक मारून राहिलो. उद्या खरीच कोणी उभी असली अन् मले वाटलं का हे माया डोक्यातलं आहे, तर मंग? ते मले नाही झेपणार, साहेब."

आईचा हात माझ्या मनगटावरून सुटला. शांताआत्या खोलीच्या दारात उभी होती, धाकट्या भावाकडे पाहत. तिनं त्याला चालायला शिकवलं होतं, बाराखडी शिकवली होती, आणि दारूच्या आरोपातून सोडवून न्यायला ती आली होती. आता सोडवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ती पुढे गेली आणि त्यांच्या शेजारची खुर्ची ओढून बसली. साहेबांनी तिला बाहेर जा म्हटलं नाही. जे लिहायचं होतं ते लिहून होईपर्यंत ती तिथेच बसून होती.

बाहेर आलो तेव्हा रस्ता तापला होता. घर कसं चालेल, लोक काय म्हणतील, माझ्या शिक्षणाचं काय, हे आईच्या चेहऱ्यावर एकामागून एक येऊन जात होतं. बाबा म्हणाले, "मले भूक लागली." समोरच टपरीवर तर्री-पोहे मिळत होते. ते बाकड्यावर बसले आणि वरून तिखट रस्सा घेऊन, नाक पुसत, सगळी प्लेट खाल्ली. मग दुसरी मागितली. आत्यानं आपल्या प्लेटमधला अर्धा भाग न बोलता त्यांच्या प्लेटमध्ये ओतला.

पुढचं सगळं सोपं नव्हतं. त्यांना इंजिनवरून उतरवलं आणि रेल्वेच्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. बाबांना सुरुवातीला त्यांच्यापुढे बोलायची लाज वाटायची. त्यांनी बाटली मागवून घेतली आणि नीट सांगितलं की ही मुळी काही विष नाही, पुष्कळांना तिचा उपयोग होतो. पण आता गोळ्या चालू आहेत तोवर ती बंद, आणि यापुढे जे काही घ्याल, पाल्याचं असो का कशाचं, ते मला कळलं पाहिजे. गोळ्यांनी पहिले काही आठवडे बाबा सुस्त असायचे, बोलता बोलता डुलक्या घ्यायचे. खाटेचा आवाज पुन्हा सुरू झाला आणि पुन्हा थांबला. वस्तीत काही लोक शेवटपर्यंत म्हणत राहिले की तो पिणारच होता, साहेबांच्या मेहरबानीनं सुटला. आणि दुसरीकडे, कधी सकाळी, कधी संध्याकाळी, बाबांच्या ओळखीचे ड्रायव्हर एकेकटे आमच्या अंगणात येऊन बसू लागले. इकडचं तिकडचं बोलायचे, चहा घ्यायचे, आणि उठताना सहज विचारल्यासारखं विचारायचे की त्या डॉक्टरीणबाई कोणत्या दिवशी असतात.

आत्या महिनाभर आमच्याकडेच राहिली. ती बाबांना लहान मुलासारखं समोर बसवून जेवू घालायची आणि ते खायचे. तिनं त्यांची माफी मागितली का, ते मला माहीत नाही. एकदा मी दोघांना कढीपत्त्याजवळ बसलेलं पाहिलं. बाबा त्या बाईबद्दल तिला सांगत होते. तिचं लुगडं कसलं होतं, ती कशी उभी होती. आत्या मध्ये एकदाही बोलली नाही. आईनं मला खिडकीतून बाजूला घेतलं.

काही काळानं बाबांना शेडमध्ये काम मिळालं, इंजिनांच्या दिव्यांची आणि अवजारांची देखभाल. पण गोळ्या चालू असेपर्यंत मोटारसायकल चालवायची नाही असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, म्हणून मी त्यांना माझ्या मोपेडवर सोडायला जाऊ लागले. एवढ्या गाड्या चालवलेला माणूस मागच्या सीटवर डबा मांडीवर धरून बसायचा. मला लाज वाटायची. त्यांची नव्हे, लोकांच्या नजरेची. गल्लीच्या टोकाला भोयरकाकांचं घर होतं. सकाळी ते फाटकापाशी नळीनं रस्त्यावर पाणी मारत उभे असत. एक दिवस त्यांनी हात वर करून आम्हाला थांबवलं आणि हसत हसत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, काय यशवंतराव, आजकाल ड्युटीवर नाही दिसून राहिले?

मी मनात म्हटलं, बाबा काही बोलणार नाहीत. ते नेहमीप्रमाणे मान हलवतील आणि आम्ही जाऊ.

"ड्युटीवरच चाललो," बाबा म्हणाले. "इंजनवर नाही, शेडमधी. मनात भेव बसलं होतं माया. इलाज चालू आहे. आता कमी आहे."

भोयरकाकांच्या हातातली नळी खाली झुकली आणि पाणी त्यांच्याच चपलांवर पडू लागलं. त्यांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, मिटलं, आणि मग अगदी वेगळ्या आवाजात, हळूच म्हणाले की बरं केलं. बरं केलं, यशवंतराव. मला तिथून पळायचं होतं. मी मोपेडचा कान जोरात पिळला, गाडी उसळली, मुरमाचे खडे उडाले. बाबांचा हात माझ्या खांद्यावर आला.

"हळू घे, बाई," ते म्हणाले. "घाई नाही."